साडेबारा व्होल्ट, उणे सहा अंश

निघण्यापूर्वी

आमच्या गाडीची बॅटरी चार वर्षांची झाली होती आणि तिने एकदाही दगा दिला नव्हता. माझ्या काळजीचे खरे कारण तेच होते. साताऱ्याच्या हवेत बॅटरी म्हातारी झाल्याचे लवकर कळत नाही, कारण इथे पहाटेसुद्धा इंजिनाचे तेल पातळच असते आणि अर्ध्या ताकदीची बॅटरीही सेल्फ फिरवून देते. तिची परीक्षा होते ती थंडीत, आणि आम्ही ऑक्टोबरच्या मध्यावर हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यात, काझाला निघालो होतो. डिझेल गाडी, साडेतीन हजार मीटरच्या वरचा मुक्काम आणि चार वर्षांची बॅटरी अशी ती युती होती.

म्हणून निघायच्या आधीच्या रविवारी मी बॅटरीवर नजर ठेवणारे एक छोटे यंत्र बसवले. काडेपेटीएवढी काळी डबी, तिला लाल आणि काळी अशा दोन तारा, तारांच्या टोकाला कड्या. लाल कडी बॅटरीच्या प्लस टर्मिनलच्या नटाखाली, काळी मायनसच्या नटाखाली अडकवायची आणि डबी बॅटरीच्या अंगालाच चिकटवून टाकायची, एवढेच काम. डबी दर थोड्या वेळाने व्होल्टेज मोजते, स्वतःच्या स्मृतीत साठवते आणि फोन जवळ आला की ब्लूटूथने त्याला सांगते. ती स्वतः दीड मिलिअँपिअरच्या आसपास वीज खाते, म्हणजे महिन्याला सुमारे एक अँपिअर-तास. ६५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला हा भार जाणवण्यासारखा नाही.

अ‍ॅपने पहिल्याच पडद्यावर ‘लोकेशन’ची परवानगी मागितली. माझे दाजी शेजारी उभे होते. त्यांनी तीस वर्षे एसटी चालवली आहे आणि अनोळखी माणसाने पत्ता विचारला तर ते आधी त्याचा पत्ता विचारतात. “बॅटरी बॉनेटखाली हाय, हे त्याला ठाऊक हाय की. आपण कुठं हाय, त्याच्याशी त्याला काय करायचंय?” असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. आजूबाजूची ब्लूटूथ उपकरणे हुडकली की फोन कुठे आहे याचा अंदाज बांधता येतो, म्हणून अँड्रॉइडच्या ६ ते ११ या आवृत्त्यांत असा शोध घेण्यासाठी लोकेशनचीच परवानगी द्यावी लागत असे. १२व्या आवृत्तीपासून ‘जवळची उपकरणे’ अशी वेगळी परवानगी आली. माझा फोन जुना असल्यामुळे मी ‘अ‍ॅप वापरतानाच’ या पर्यायावर बोट ठेवले आणि दाजींचे समाधान तेवढ्यापुरते झाले.

मग मी मल्टिमीटर लावून पडताळा घेतला. मीटरवर १२.६१ आणि फोनवर १२.५७. ही चार शतांशांची तफावत मी वहीत लिहून ठेवली, कारण इथे शतांशांनाही किंमत असते. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे असतात आणि पूर्ण भरलेल्या प्रत्येक घराचा दाब सुमारे २.१ व्होल्ट, म्हणजे एकूण १२.६ ते १२.७. हीच बॅटरी अर्धी उतरली की विश्रांतीच्या स्थितीत १२.२ दाखवते, आणि ११.९च्या खाली जवळजवळ रिकामी असते. भरलेल्या आणि रिकाम्या बॅटरीतला सगळा फरक पाऊण व्होल्टात मावतो, तेव्हा दशांशभर चूक झाली तर अ‍ॅपवरचे टक्के दहा-बाराने इकडेतिकडे होतात. ते टक्के कोणी मोजलेले नसतातच. व्होल्टवरून कोष्टक लावून काढलेले असतात.

“पाहुणं, सेल्फचा आवाज ऐकला की बॅटरीची तब्येत कळती,” असे दाजी म्हणाले आणि त्यांनी बॉनेट खाली सोडले.

पहिला दिवस: सातारा ते वडोदरा

पहाटे पाचला निघताना ताईने फोन हातात धरला आणि मी किल्ली फिरवली. हवा २२ अंशांची होती. सेल्फ फिरत असताना व्होल्टेज १०.३ पर्यंत खाली गेले आणि इंजिन सुरू होताच १४.४ वर चढले. बॅटरीच्या प्रकृतीबद्दल खरे काही सांगतो तो हा पहिला आकडा: सेल्फ दीड-दोनशे अँपिअर ओढत असताना बॅटरी किती खचते. साधारण २१ अंश तापमानात तो ९.६ च्या खाली जाऊ नये, असा दंडक आहे. आम्ही त्यापेक्षा बऱ्यापैकी वर होतो.

पुणे, ठाणे, वापी, सुरत असा सुमारे साडेसहाशे किलोमीटरचा कंटाळवाणा महामार्ग आम्ही आळीपाळीने चालवला आणि रात्री नऊला वडोदऱ्यात गाडी बंद केली. त्या क्षणी फोनवर १३.१ व्होल्ट आणि १०० टक्के. ताई खूश झाली. मी तिला सांगितले की हा नुसता वरवरचा दाब आहे. दिवसभर चार्ज होऊन आलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांच्या पृष्ठभागावर तो साचलेला असतो आणि काही तासांत विरतो. ताटात वाढताक्षणी भाताचा ढीग मोठा दिसतो, त्यातला प्रकार. खरा आकडा पाहायचा तर गाडी रात्रभर उभी राहून पहाटे पाहावा.

दुसरा दिवस: वडोदरा ते उदयपूर

आमची खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि फोनला डबी सापडत नव्हती. मोकळ्या जागेत ब्लूटूथ दहा मीटर जाते, पण चारी बाजूंनी पत्रा असलेल्या बॉनेटखालून निघालेली लहर मध्ये दोन स्लॅब आले की संपते. सकाळी खाली उतरून गाडीपासून चार पावलांवर गेलो तेव्हा साठवलेला रात्रीचा आलेख भराभर फोनवर उतरला.

तो आलेख मला आवडला नाही. गाडी बंद केल्यावर पहिले दोन तास रेषा उतरते हे अपेक्षित असते. त्यानंतर ती जमिनीला समांतर व्हायला हवी. आमची रेषा मात्र मध्यरात्रीनंतरही संथपणे, एकाच कलाने खाली येत राहिली होती आणि पहाटे सहाला १२.४१ वर पोहोचली होती. बंद गाडीतही घड्याळ, लॉकचा रिसीव्हर आणि संगणकाची स्मृती मिळून २० ते ५० मिलिअँपिअर घेतात, पण तेवढ्याने असा उतार पडत नाही. आत कोणीतरी जागे होते.

दाजींनी रेषेवरून बोट फिरवले. “घागरीला भोक हाय,” एवढेच म्हणाले.

उदयपूरला आम्ही दुपारीच पोहोचलो. फतेहसागर पाहायचे सोडून मी मल्टिमीटर घेऊन पार्किंगमध्ये बसलो, यावर ताईने जे भाष्य केले ते इथे देत नाही. बॅटरीची मायनस तार सोडवून मल्टिमीटर मध्ये जोडला आणि बॉनेटचे लॅच स्क्रूड्रायव्हरने बसवून ठेवले, जेणेकरून गाडीला बॉनेट बंदच आहे असे वाटावे. मग अर्धा तास काहीही न करता थांबलो, कारण आधुनिक गाडीतले संगणक किल्ली काढल्यावर लगेच झोपत नाहीत आणि ते झोपण्यापूर्वी घेतलेले माप फसवे असते. या वेळात दार उघडायचे नाही आणि किल्लीला हात लावायचा नाही. चुकून सेल्फ मारला तर दहा अँपिअरच्या मीटरमधून शंभरावर अँपिअर जाऊ पाहतात आणि मीटरचा फ्यूज उडतो.

अर्ध्या तासाने आकडा २७० मिलिअँपिअरवर स्थिरावला. दाजींनी एकेक फ्यूज उपटायला सुरुवात केली आणि मी आकडा वाचत राहिलो. सातव्या फ्यूजला तो धाडकन ३० वर आला. तो फ्यूज काचेमागच्या डॅशकॅमचा होता. सहा महिन्यांपूर्वी ज्या दुकानात तो बसवून घेतला, तिथल्या कारागिराने त्याची तार किल्लीबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजवरून न घेता कायम चालू असणाऱ्या फ्यूजवरून घेतली होती, त्यामुळे गाडी उभी असतानाही कॅमेरा रात्रभर भिंतीचे चित्रण करत बसायचा. घरी रोज गाडी चालते, गेलेले भरून निघते आणि पत्ता लागत नाही. आम्ही तो फ्यूज डिकीत टाकून दिला.

तिसरा आणि चौथा दिवस: जयपूर, चंडीगड

उदयपूरच्या रात्रीचा आलेख पाहून समाधान वाटले: दहा वाजेपर्यंत उतरण आणि मग पहाटेपर्यंत सरळ रेषा, १२.५५ वर.

राजस्थानात ऊन चांगलेच होते. साताऱ्यात १४.४ वर असणारे चार्जिंगचे व्होल्टेज अजमेरच्या पुढे दुपारी १३.८ वर येऊन थांबले, तेव्हा चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर गेला की काय अशी शंका ताईला आली. तसे काही नव्हते. गरम बॅटरीला कमी दाबाने आणि थंड बॅटरीला जास्त दाबाने चार्ज करावे लागते, आणि बहुतेक नव्या गाड्या ते आपणहून सांभाळतात. मात्र बॅटरीचे आयुष्य कुरतडते ते हेच ऊन. थंडी फक्त उघडे पाडते. मारलेले असते उन्हाळ्याने. चार वैशाख सोसलेल्या आमच्या बॅटरीचे हेच झाले असणार, हे पुढे कळायचे होते.

चंडीगडला एका बॅटरीच्या दुकानात तपासून घेतले. दुकानदाराने टर्मिनलला दोन चिमटे लावले आणि हातातल्या यंत्रावर आकडा आला: कंपनीचे माप ५४०, सध्याचे ३४५. हे माप थंडीत सेल्फ मारण्याच्या अँपिअरचे असते. उणे १८ अंशांत ३० सेकंद किती प्रवाह देऊनही बॅटरी ७.२ व्होल्टच्या वर टिकते, हे ते सांगते. “बदल दो जी, ऊपर ठंड है,” असे तो म्हणाला. मी फोन दाखवला: रात्री सरळ रेषा, सेल्फच्या वेळी १०.२. दाजींनी सेल्फ मारून कान दिला आणि आवाज स्वच्छ असल्याचा निर्वाळा दिला. दोघांचे एकमत होण्याचा हा प्रवासातला पहिला प्रसंग, आणि त्यात आम्ही दोघेही चुकलो. बॅटरी बदलली नाही.

पाचवा आणि सहावा दिवस: नारकंडा, कल्पा

शिमल्याला वळसा घालून नारकंड्याला मुक्काम केला. उंची सुमारे २,७०० मीटर आणि सकाळचे तापमान ४ अंश. विश्रांतीचे व्होल्टेज १२.५५, सेल्फच्या वेळी ९.८.

तिथून रस्ता सतलजच्या काठाला उतरतो. रामपूरच्या पुढे झाकडीला नाथपा-झाकडी प्रकल्पाचे १,५०० मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे. त्याच्याजवळून जाताना मनातल्या मनात हिशेब केला: १२ व्होल्ट गुणिले ६५ अँपिअर-तास म्हणजे ७८० वॉट-तास, पाऊण युनिटाहून किंचित जास्त. घरी गीझर अर्धा तास चालला की एवढी वीज जाते, आणि इथे ती जपत जपत आम्ही सतलजच्या काठाकाठाने चाललो होतो.

कल्पाला संध्याकाळी किन्नर कैलासावर तांबडा उजेड पडला होता. सफरचंदे बहुतेक उतरवून झाली होती, पेट्या भरलेल्या ट्रकांची खाली रेकाँग पिओकडे रांग होती. सकाळी १ अंश होता. सेल्फला ९.४, आणि अ‍ॅपने पहिल्यांदा लाल पट्टी दाखवून ‘बॅटरी बदला’ असा सल्ला दिला. मी तो मनावर घेतला नाही. ९.६ ची मर्यादा उबदार हवेची आहे, शून्याच्या आसपास ती ९.१ धरतात, आणि अ‍ॅपला हवा किती थंड आहे याचा पत्ताच नसतो. माझे हे स्पष्टीकरण बरोबर होते. फक्त ते द्यायला मी जरा जास्तच उत्सुक होतो, हे आता जाणवते.

सातवा दिवस: कल्पा ते ताबो

खाबला सतलज आणि स्पितीचा संगम होतो आणि हिरवा रंग संपतो. वर नाकोपर्यंत वळणांवर वळणे. फोनची रेंज पिओनंतर येत-जात होती आणि इथे पूर्ण गेली. ताई म्हणाली, आता तुझे यंत्र बंद. मी फोन पुढे धरला; आकडा चालूच होता. डबी आणि फोन एकमेकांशी थेट बोलतात, त्यांना टॉवर लागत नाही, सिमकार्ड लागत नाही. दाजींना हे फार पटले. “म्हणजे वॉकीटॉकी,” असे म्हणून त्यांनी त्या डबीला पहिल्यांदाच काही दर्जा दिला.

ताबोचा मठ इ. स. ९९६ मधला. मातीच्या भिंतींच्या आतली चित्रे टॉर्चच्या उजेडात पाहिली. बाहेर आलो तेव्हा वारा सुटला होता आणि मठाच्या मागच्या गल्लीत एका पिकअपच्या बॉनेटवर जुनी रजई पांघरून दोरीने बांधलेली दिसली. दाजी त्या रजईकडे बराच वेळ पाहत उभे राहिले.

आठवा दिवस: काझा

ताबो ते काझा अंतर पन्नास किलोमीटरही नाही. सकाळी सेल्फ ९.२ वर कुरकुरत लागला. काझाला दुपारी पोहोचलो, पेट्रोल पंपावर टाकी भरली आणि नदीच्या अंगाला असलेल्या एका गेस्टहाऊसच्या सपाट अंगणात गाडी लावली. दाजी म्हणाले, रस्त्यावर उताराला लावू. महाबळेश्वर डेपोत हिवाळ्यात ते गाडी कायम उतारालाच लावत. सकाळी सेल्फ लागला नाही तर दोन कंडक्टर धक्का देत आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सुरू होई. मला अंगण सोयीचे वाटले. फोनवर १२.५४ होते.

नववा दिवस: काझा

सकाळी सातला खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी उमटली होती. अंगणातला तापमापक उणे ६ वर होता. खाली जाऊन आलेख उतरवला: सरळ रेषा, १२.५२ व्होल्ट, ८२ टक्के, हिरवा रंग. ताईने मोठ्याने वाचून दाखवले. मी किल्ली पहिल्या खटक्यावर फिरवली, सुरू करण्याआधी डिझेल इंजिन तापवणाऱ्या हीटरचा पिवळा दिवा लागला, आकडा ११.६ वर आला आणि दिवा विझल्यावर मी सेल्फ दिला.

घर्र… घर्र… आणि मग नुसते टक्. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे मंद होऊन एकदम विझले आणि पुन्हा लागले तेव्हा घड्याळात बारा वाजले होते. फोनवर ८.४.

मी पुन्हा किल्लीला हात घातला तो दाजींनी धरला. “थांबा. तिला दम घेऊ द्या.” लागोपाठ सेल्फ मारत राहिले की उरलेली वीजही जाते आणि सेल्फची मोटर तापते, हे मलाही ठाऊक होते, पण ठाऊक असणे आणि हात आवरणे यांत अंतर असते. दाजींनी बॉनेट उघडून ठेवले. काझाच्या डोंगरांमुळे ऊन उशिरा उतरते. आम्ही गेस्टहाऊसवाल्याकडे लोण्याचा खारट चहा पीत ते अंगणात सरकत येताना पाहत बसलो. साडेनऊला ते बॅटरीवर पडले. साडेदहाला सेल्फ दिला तेव्हा व्होल्टेज ९.० वर गेले, इंजिनाने दोनदा खोकल्यासारखे केले, पांढऱ्या धुराचा लोट सोडला आणि ते चालू झाले.

त्या दिवशी लांगझा आणि हिक्किम पाहिले. हिक्किमच्या ४,४०० मीटर उंचीवरच्या पोस्टातून ताईने घरी पत्र टाकले. मी इंजिन बंद केले नाही.

संध्याकाळी दाजींनी दहा नंबरचा पाना मागितला. आधी मायनस, मग प्लस अशी टर्मिनले सोडवली (जोडताना उलटे, मायनस शेवटी, म्हणजे पाना पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही) आणि सतरा किलोंची बॅटरी उभ्याची उभी धरून ते जिना चढले. खोलीत लाकडावर जळणारी शेगडी होती. बॅटरीतून थोडाफार हायड्रोजन बाहेर पडू शकतो, म्हणून ती शेगडीपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, एका पोत्यावर ठेवली. डबी तिच्या अंगाला चिकटलेलीच होती, त्यामुळे प्रवासात पहिल्यांदाच अंथरुणात पडल्या पडल्या आकडा दिसू लागला. शिसे आणि गंधकाम्ल यांची ही जोडी गास्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये जुळवली आणि अजूनही मोटारी तिच्याच जिवावर सुरू होतात. ती आता आमच्या खोलीत चौथी पाहुणी म्हणून मुक्कामाला होती. दाजी रात्री दोनदा उठले आणि दोन्ही वेळा माझा फोन उचलून पाहिला.

दहावा दिवस: काझा

सकाळी अंगणात पुन्हा उणे ६. खोलीतल्या बॅटरीला हात लावला तर अंग कोमट नव्हे, पण गारठलेलेही नव्हते; खोलीत १२ अंश असतील. आकडा १२.५४, ८३ टक्के. बॅटरी खाली नेली, जोडली, आणि ती थंड होण्याच्या आत सेल्फ दिला. ९.५. इंजिन दुसऱ्या फेऱ्याला लागले.

मी गाडीतच बसून वहीत दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या. तीच बॅटरी, तेच गारठलेले इंजिन, विश्रांतीचे व्होल्टेज दोन शतांशांच्या फरकाने तेच. एका सकाळी ८.४ आणि दुसऱ्या सकाळी ९.५. बॅटरी विश्रांतीत असते तेव्हा तिच्यातून प्रवाह वाहत नाही, म्हणून थंडीचा तिच्या व्होल्टेजवर नाव घेण्याजोगा परिणाम दिसत नाही आणि व्होल्टेजवरून काढलेले टक्के हिरवेच राहतात. प्रवाह मागितला की मग कळते. गारठ्यात आम्ल घट्टसर होते, रासायनिक क्रिया मंदावते, आतला विरोध वाढतो आणि टाकीत पाणी असूनही नळाला धार येत नाही अशी गत होते. नव्या बॅटरीचा नळ मुळात मोठा असतो, तो थोडा आवळला गेला तरी चालते. आमच्या बॅटरीचा नळ चार उन्हाळ्यांनी आधीच निम्मा बंद केला होता, आणि चंडीगडच्या त्या ३४५ चा अर्थ हाच होता. त्यात उंचीची भर: काझाला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन तृतीयांश असतो, इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो आणि पेट घेईपर्यंत सेल्फ जास्त वेळ फिरवावा लागतो.

उदयपूरचे भोक बुजवले नसते तर काय झाले असते, हा विचार मला त्या सकाळी प्रथम शिवला. कॅमेरा रोज रात्री अडीच-तीन अँपिअर-तास खात राहिला असता, आणि दोन दिवस गाडी उभी ठेवण्याचा आमचा बेत होता. बॅटरी जसजशी उतरते तसतसे तिच्यातले आम्ल पाण्याच्या जवळ जाते. पूर्ण भरलेली बॅटरी उणे पन्नासालाही गोठत नाही, पण पूर्ण उतरलेली उणे सात-आठालाच गोठू शकते आणि आतल्या पट्ट्या वाकतात, कधी खोकाही फुटतो.

गेस्टहाऊसवाल्याने आमची बॅटरीची ने-आण शांतपणे पाहिली होती. त्याने सांगितले की हिवाळ्यात इथले टॅक्सीवाले सर्रास बॅटरी घरात नेतात. आदल्या दिवशी का सांगितले नाही, असे ताईने विचारले, तेव्हा तो म्हणाला की तुम्ही फोनवर बघत होतात, मला वाटले तुम्हाला माहीत असेल.

अकरावा ते तेरावा दिवस: परतीचा रस्ता

कुंझुम खिंडीमार्गे मनालीला उतरण्याचा बेत सोडला. वाटेत बंद पडलो तर बातलच्या अलीकडे-पलीकडे कोणी भेटण्याची खात्री नव्हती. आल्या वाटेनेच परतलो. ताबोला आणि सांगल्याच्या फाट्याजवळच्या मुक्कामात दाजींनी गाडी उताराला, तोंड पूर्वेला करून लावली. मी काही बोललो नाही. दोन्ही सकाळी सेल्फ लागला, ९.१ आणि ९.४ वर, आणि उताराची गरज पडली नाही. नव्या डिझेल गाड्यांना धक्का मारतानाही पंप आणि संगणकापुरती वीज बॅटरीत लागतेच, ती आमच्याकडे होती.

चंडीगडला त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने आम्हाला ओळखले, पण चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही. जुनी बॅटरी जमा केल्यामुळे नवीच्या किमतीत सूट मिळाली. त्यातले शिसे वितळवून पुन्हा वापरले जाते. डबी जुन्या बॅटरीवरून सोलून नवीवर चिकटवली, मीटर लावून चार शतांशांचा फरक पुन्हा पडताळला. पहिल्या सेल्फला १०.९. दाजींनी मात्र काच खाली करून कान बाहेर ठेवलाच होता.

जयपूरच्या मुक्कामात त्यांनी ही डबी किती महिने चालते, तिचा भार किती, असे बारकाईने विचारले. त्यांच्या कोरेगावकडच्या शेतावर ट्रॅक्टर आहे. हंगाम संपला की तो तीन-तीन महिने शेडमध्ये उभा राहतो आणि पेरणीच्या तोंडावर हमखास बॅटरी उतरलेली निघते. महिन्याला एक म्हणजे तीन महिन्यांत तीन अँपिअर-तास, असा हिशेब त्यांनी स्वतःच केला आणि तो त्यांना परवडला. घरापासून शेड साठ-सत्तर पावलांवर आहे, तिथवर ब्लूटूथ पोचणार नाही, असे मी सांगितले. त्यांनी थोडा विचार केला. म्हशी त्याच शेडला लागून बांधलेल्या असतात, दोन वेळा धारेला जावेच लागते. फोन खिशात टाकून जाईन, म्हणाले.